देविदासच्या जीन्समधला दोष

मी आरएनए बोलतोय. आडनाव विचारू नका, एवढ्याशा जिवाला आडनाव कुठलं! निलंग्याच्या देविदासच्या अंगात, जिथं पुरुषाचं बीज घडतं, तिथं माझा जन्म. एका लांबलचक धाग्याचे तुकडे पडले, त्यातला मी एक.

माझं काम दटावायचं. बीज घडताना काही जनुकं उनाड वासरासारखी दावं तोडून उड्या मारतात, कुठंही घुसतात. त्यांना ओळखून गप्प करायचं. पण मला धरून नेणारं एक प्रथिन लागतं, आणि देविदासमध्ये तेच लुळं निघालं. अर्धी खोट आईकडून आली, अर्धी बापाकडून. मग काय, उनाडांचं फावलं आणि बीज अर्ध्यातच मोडायला लागलं.

लग्नाला बरीच वर्षं झाली, पाळणा हलेना. आई सुभद्राबाई लेकाला आणि सून महानंदाला घेऊन लातूरला डॉक्टरकडं गेल्या. तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई ठणठणीत आहेत. देविदासरावांच्या जीन्समध्ये दोष आहे."

"मी म्हणतच हुते!" सुभद्राबाई कडाडल्या. "लई आवळ पँटी घालतो ह्यो!"

घरी येताच त्यांनी लेकाच्या सगळ्या जीन्स बोहारणीला देऊन एक पातेलं घेतलं. देविदास ढगळ पायजम्यात डाळमिलवर जायला लागला. डॉक्टरचं त्याला नीट कळलं होतं बरं का! पण गडी तोंड उघडेना. इतकं गप्प तर मीसुद्धा कधी कुणाला केलं नाही.

वर्ष गेलं. "आता तर पँटबी बदलली," सुभद्राबाई म्हणाल्या, "मंग दोष हिच्यातच हाय." दुसरी पोरगी ठरवायला त्यांनी उदगीरचे पाहुणे बोलावले. आणि चहा कुणी करायचा? महानंदानंच! खरं सांगतो, माझा जीव तुटला.

ती कपांचा ट्रे घेऊन बाहेर आली. देविदासनं उठून ट्रे धरला. "पाव्हणं, चहा घ्या आन् माघारी जा. डॉक्टर म्हणले ती जीन्स म्हंजी पँट न्हाई, माझं बीज. दोष माझ्यात हाय."

महानंदा आधी रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "आत्याबाई, समद्या देवळांत माझी ओटी भरून झाली. आता ह्यांची भरा."

मी अजून तिथंच आहे, उनाडांपुढं हात टेकून. मूल देणं काही मला जमलं नाही, महानंदाबाई. पण यापुढं कुणी तुम्हाला बोल लावला, तर त्याला खुशाल माझ्याकडं पाठवा.