एकाच उशीचा संसार

त्या घरात उशी एकच होती, आणि सरकारला तेवढं पुरलं.

नवरा बेकरीत भट्टीवर, रात्रपाळीला. बायको इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात आया, दिवसपाळीला. तो कामावरून यायचा तेव्हा ती डबा घेऊन निघालेली असायची. जिन्यातच दोघांची गाठ पडायची आणि तिच्या डोक्याची ऊब असलेल्या उशीवर तो आडवा व्हायचा. दुसरी उशी आणायचं किती वेळा ठरलं, पण दोन डोकी एका वेळी टेकणार कधी? बेकरीला सुट्टी असली की. आणि त्या दिवशी त्यांचं एका उशीत मजेत भागायचं.

नवरा लहानपणी आईबापांबरोबर सीमेपलीकडून आलेला. मिसरूड इथेच फुटलं, केसही इथेच पिकायला लागले. तरी राहण्याच्या परवान्याची मुदत संपल्यावर दोन अधिकारी घर बघायला आले. संसार खरा आहे की कागदापुरता, हे त्यांना तपासायचं होतं. त्यांना एक उशी दिसली. मूलबाळ नाही, हे त्यांनी लिहून घेतलं. मग खाली जाऊन घरमालकीण काकूंना विचारलं, "हे दोघं एकत्र राहतात का?"

"तो आला की ती जाते, ती आली की तो जातो," काकू म्हणाल्या. "रोज बघते मी."

का जातात, ते अधिकाऱ्यांनी विचारलं नाही आणि काकूंनी तोंडात मिठाची गुळणी धरली. वरची खोली त्यांना परगावी राहणाऱ्या मुलासाठी हवी होती. इथे कौटुंबिक जीवन नाही, असा शेरा पडला. नवऱ्याला सीमेपलीकडे, जिथे त्याला कुत्रंही ओळखत नव्हतं, तिथे नेऊन सोडलं. खोलीचा भाडेकरार त्याच्या नावावर होता म्हणून तिलाही निघावं लागलं. काकूंचा सुंठीवाचून खोकला गेला.

वकील म्हणाले, "त्या बाईंनी खरं कारण सांगितलं तर प्रकरण पुन्हा उघडता येईल. दुसरा साक्षीदार नाही आपल्याकडे."

ती काकूंच्या दारात गेली. पाया पडली.

"अगं, पण मी खोटं काय बोलले?" काकू म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तिने डूख धरला. देवापुढे हात जोडायची तेसुद्धा काकूंचं वाटोळं कर एवढंच मागायला. देव एरवी बहिरा, पण हे त्याने ऐकलं. काकू न्हाणीघरात घसरल्या, खुबा मोडला आणि शेजाऱ्यांनी उचलून आणलं ते थेट तिच्याच वॉर्डात.

तिला बघून काकूंनी डोळे गच्च मिटले. पण तिने चादर बदलली, पाठ पुसली, वेळेवर गोळ्या दिल्या. कामात तिळाएवढी खोट नाही. सूड असा घ्यावा की कुणाला बोट ठेवायला जागा मिळू नये, हे ती काकूंकडूनच तर शिकली होती.

काकूंचा मुलगा मालट्रक चालवायचा. गाडी लावून धावत इस्पितळ गाठेपर्यंत भेटीची वेळ टळलेली असायची. उशिरा आलेल्यांना ती नेहमी हळूच आत सोडायची, सगळा वॉर्ड तिला दुवा द्यायचा. याला मात्र म्हणाली, "वेळ संपली." दुसऱ्या दिवशीही तेच. मग रोजच. तो भांडायचा नाही, याचा तिला आणखी राग यायचा.

"एवढी फळं तरी द्याल का मावशी?"

"बाहेरचं चालत नाही."

आत म्हातारी दाराकडे बघून बघून वाळत चालली. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "या आजींना घरी न्यायला आहे का कोणी?"

"भेटीच्या वेळेत तरी मी कुणाला बघितलं नाही," ती म्हणाली.

"माझा मुलगा येणार आहे हो," काकू म्हणाल्या. डॉक्टर हसले. त्या वॉर्डात प्रत्येक आजीचा मुलगा येणारच असतो. निराधारांच्या आश्रमाची गाडी दुसऱ्या दिवशीची ठरली. आश्रम दूरच्या गावाला होता.

डॉक्टर गेल्यावर काकूंनी तिचा हात धरला. "तो येतो ना गं? तुला माहीत आहे."

"मी खोटं काय बोलले, काकू?"

म्हातारीने हात सोडला. मग म्हणाली, "तुझ्या वकिलाला बोलाव."

वकील आले. काकूंनी सगळं सांगितलं, दोघांच्या पाळ्या, जिन्यातली गाठभेट. सुट्टीच्या दिवशी वरून दोघांचं हसणं ऐकू यायचं, ते सहन व्हायचं नाही, हेही सांगितलं. वकिलांनी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं, सही घेतली. "आता परत येतील तुमचे यजमान," तिला म्हणाले. ती तोंड फिरवून पोटभर रडली.

"आता तू सांग डॉक्टरांना," काकू म्हणाल्या.

"बघते," ती म्हणाली.

डॉक्टर दोनदा तिच्या शेजारून गेले. म्हातारीला वाटलं होतं सौदा झाला. सौदा कुणी केला होता? दुसऱ्या दिवशी गाडी आली. काकूंना स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा त्या मुलाचं नाव घेत होत्या. पट्टे तिनेच आवळले, नीट, काचणार नाहीत असे. सूड घेऊन समाधान मिळत नाही, असं म्हणणाऱ्यांनी तो घेतलेला नसतो. तिला तो गोड लागला.

त्या संध्याकाळी मुलगा पहिल्यांदाच वेळेत आला. रजा टाकली होती म्हणे. तिने दार पूर्ण उघडलं.

"जा ना आत. वेळ आहे अजून."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. नवरा होता. वकिलांनी त्याला कळवलं होतं आणि आनंदाने त्याला धड बोलता येत नव्हतं.

"अगं, काकूंनी उपकार केले. आलो की आधी त्यांच्या पाया पडणार. कशा आहेत त्या? मुलगा येतो ना त्यांना बघायला?"

काचेतून तिला मुलगा दिसत होता. रिकाम्या खाटेपाशी, हातात फळांची पिशवी.

"येतो ना," ती म्हणाली. "आत्ताच आलाय."