खालच्या खिळ्यापर्यंत पाणी

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कढई आहे. रंगाने काळी, बुडाला जाड, आणि वजनाला अशी की मला एका हाताने उचलणारे माणूस अजून माझ्या पाहण्यात नाही. माझ्या पोटात अठरा माणसांचे जेवण मावते. खरे तर कढईने गप्प बसून तापावे अशीच आमच्याकडची रीत. पण मध्यंतरी एका रविवारी जे घडले ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म लोहाराच्या भट्टीत झाला. त्याने जाड पत्रा लाल होईपर्यंत तापवला आणि ठोकून ठोकून मला खोलगट केले. तीन दिवस मी मार खाल्ला. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण नको होते, दोन कड्या मिळाल्या असत्या तरी पुरे होते. कड्या बसवताना मात्र लोहाराचे लक्ष कुठे होते कोण जाणे, त्याने एक भोक चार बोटे खाली पाडले. चूक कळल्यावर त्याने ते भोक खिळा ठोकून पक्के बुजवले आणि कडी वर दुसऱ्या खिळ्याने नीट बसवली. त्यामुळे माझ्या अंगावर एक खिळा जास्तीचा आहे, आतून बाहेरून दिसणारा. लोहाराने मला दुकानात सगळ्यांच्या मागे ठेवले. लाजच वाटली असेल त्याला.

तिथून मला आत्याने उचलले. तेव्हा ती कोणाची आत्या नव्हती, तरुण होती, आणि छापखान्याच्या मागच्या खोलीत खाणावळ सुरू करणार होती. तिने माझ्यावर बोट फिरवले आणि लोहाराला म्हणाली, "हा जास्तीचा खिळा बरा आहे. पाणी किती घालायचं ते रोज मोजायला नको."

झाले. लोहाराची चूक आत्याचे माप झाली. छापखान्यात सतरा माणसे होती आणि अठरावी आत्या. खालच्या खिळ्यापर्यंत पाणी, त्यात डाळ आणि भाज्या, कुटलेला मसाला, आणि वरच्या खिळ्याला फेस लागला की आच कमी. तीस वर्षे हा रस्सा रोज माझ्यात शिजला. माणसे शाईचे हात धुऊन ओळीने जमिनीवर बसत. आत्या सगळ्यांना वाढून झाले की यंत्र चालवणाऱ्या मामांच्या शेजारी स्वतःचे ताट घेऊन बसे. ती एकटी कधीच जेवली नाही. मामा दर वेळी "आज मीठ कमी आहे" म्हणत आणि दर वेळी तिसऱ्यांदा वाढून घेत. या कौतुकावर मी तीस वर्षे खूश होते.

पुढे छापखाना बंद झाला. आत्याचा मुलगा दूरदेशी नोकरीला होता, तो तिला न्यायला आला. त्याने मला वजनकाट्यावर ठेवले आणि आकडा पाहून हळूच खाली उतरवले. "आई, एक तर तुझे कपडे येतील, नाहीतर ही," तो म्हणाला. आत्याने मला पदराने पुसले आणि आपल्या भाचरांच्या स्वाधीन केले. तिच्या थोरल्या भावाची ही दोन मुले, थोरली आणि धाकटा.

या दोघांविषयी काय सांगू? थोरली चष्म्याच्या दुकानात काचा घासते, आणि घासता घासता काचेच्या पलीकडे कुठेतरी निघून जाते. धाकटा बसच्या आगारात वेळापत्रके लिहितो आणि रोज स्वतःची बस चुकवतो. दोघेही मनाने सोन्यासारखे आहेत, पण पाय जमिनीवर कमीच. त्यांनी मला बाल्कनीत ठेवले. माझ्यात एक रोप लावायचे ठरले. कोणते लावावे यावर त्यांनी दीड वर्ष गोड गोड कल्पना केल्या आणि शेवटी काहीच लावले नाही. त्यांच्या स्वप्नाळूपणानेच मला मातीपासून वाचवले, हे मी विसरणार नाही. पण पाऊस, वारा आणि कबुतरे यांनी मला सोडले नाही. माझ्यावर गंज चढला. तीस वर्षे तेल प्यालेले माझे अंग खरखरीत झाले आणि माझ्याकडे कोणी ढुंकून पाहीना. तेव्हा मला फार वाईट वाटले.

मग एका सकाळी फोन आला. धाकट्याने तो बाल्कनीतच घेतला, म्हणून मला सगळे ऐकू आले. आत्याच्या सुनेचा फोन होता.

"आई जेवत नाहीत हो," ती म्हणाली. "दोन घास खातात आणि ताट सरकवतात. आम्हा दोघांच्या कामाच्या वेळा उलटसुलट, मुलगी शाळेत जेवते. चार महिन्यांत नऊ किलो उतरल्यात. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नळीने अन्न द्यावं लागेल."

"तिला आवडेल असं काही केलंत का, वहिनी?"

"सगळं करून झालं. त्या म्हणतात, चव चांगली आहे गं, पण घशाखाली उतरत नाही."

फोन ठेवल्यावर धाकट्याने थोरलीला बाल्कनीत हाक मारली आणि मला दाखवले. संध्याकाळपर्यंत बहीणभावांनी ठरवून टाकले. येत्या रविवारी तीन घरांत, तीन गावांत, एकाच वेळी आत्याचा रस्सा करायचा आणि फोनच्या पडद्यासमोर बसून सगळ्यांनी एकत्र जेवायचे. एक घर त्यांचे, एक आत्याचे आणि तिसरे काकांचे. काका म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ, निवृत्त पोस्टमन.

मित्रांनो, त्या आठवड्यात मनोराज्यांना नुसता ऊत आला. थोरलीने पडद्यावर मागे कोणत्या रंगाची चादर दिसावी याचा विचार केला. धाकट्याने मिनिटामिनिटाचे वेळापत्रक केले, त्यात 'आत्या हसते' यालाही दोन मिनिटे होती. डाळ आणायची आठवण मात्र शनिवारी संध्याकाळी झाली. त्याच दिवशी थोरलीने मला मीठ आणि कापडाने घासले. काचा घासायचा हात तो, गोल गोल फिरत राहिला. तिची तंद्री लागली आणि माझा गंज उतरला. तेल लावून तिने मला गरम केले तेव्हा मला पुन्हा माझ्यासारखे वाटले.

कृती आत्याकडूनच फोनवर घेतली होती. तिने ती कंटाळून, डोळे मिटून सांगितली होती. धाकट्याने सुंदर अक्षरात उतरवून बाकीच्या दोन्ही घरी पाठवली. पहिलीच ओळ होती, 'खालच्या खिळ्यापर्यंत पाणी घाला.' खिळा कोणाच्या भांड्याला आहे, हा प्रश्न दोघांच्याही मनाला शिवला नाही. चुलीवर मी होते, मला खिळा होता, म्हणजे जगातल्या सगळ्या भांड्यांना तो असणारच.

रविवारी ठरल्या वेळी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला गेला, अगदी माझ्यासमोर. आमच्याकडे दुपार, आत्याकडे संध्याकाळ होती. दीड वर्षाने मी तिला पाहिले. गालांची हाडे वर आली होती. ती स्वयंपाकघराबाहेरच्या खुर्चीत बसली होती आणि डोळे मिटलेले होते. पुढे ओट्याशी सून कागद हातात घेऊन गोंधळून उभी होती.

आणि पडद्याच्या दुसऱ्या चौकटीत काका. त्यांच्या शेगडीवर एक पातेले होते आणि पातेल्यातून पाण्याची बारीक धार शेगडीवर पडत होती.

"काका, तुमचं पातेलं गळतंय," थोरली म्हणाली.

"गळणारच," काका शांतपणे म्हणाले. "त्याला खिळा नव्हता, म्हणून मी ठोकला."

पस्तीस वर्षे कागदावर लिहिले असेल तिथेच गेलेले गृहस्थ ते, त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा करणेच चूक होते.

मागे खुर्चीत आत्याने डोळे उघडले.

"काय ठोकलं?" तिने विचारले.

"खिळा, अक्का. तूच सांगितलंस ना, खालच्या खिळ्यापर्यंत."

"चांगल्या पातेल्याला भोक पाडलंस?"

"एक नाही, दोन. वरच्या खिळ्यापर्यंत फेस यायचा आहे ना."

आत्याच्या ओठाचा कोपरा आधी हलला, मग खांदे. मग ती इतकी हसली की सुनेने घाबरून तिची पाठ चोळली. हसू ओसरल्यावर ती खुर्चीचे हात धरून उठली आणि सावकाश ओट्याशी आली. सुनेने नंतर सांगितले की आत्याने चार महिन्यांत स्वयंपाकघरात पाऊल ठेवले नव्हते.

"तू किती घातलंस?" तिने सुनेला विचारले.

"मी थांबलेय, आई. खिळा म्हणजे नक्की किती, तेच कळेना."

"तू एकटीच शहाणी निघालीस." आत्याने तिच्या पातेल्यात बोट उभे धरले. "डाळीवर दोन पेरं पाणी, बस. आणि तू रे, दुसरं भांडं घे, मुकाट्याने. खिळे ठेव बाजूला." मग ती पडद्याजवळ आली आणि तिने मला पाहिले. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "ही अजून आहे होय? किती भरलीत?"

"खालच्या खिळ्यापर्यंत," दोघे एका सुरात म्हणाले.

"अगं, ते अठरा माणसांचं माप आहे. तुम्ही दोघं."

थोरलीने माझ्यात डोकावून पाहिले. डाळ रटरट शिजत होती, माझ्या काठापाशी फेस आला होता. धाकट्याच्या वेळापत्रकात या गोष्टीला एकही मिनिट नव्हते.

"बघत काय बसलीस?" आत्या म्हणाली. "माणसं बोलव. इतकं रांधलंय ते टाकायचं नाही. येताना भात नाहीतर पाव आणा म्हणावं."

धाकटा जिन्याने धावत खाली गेला. तळमजल्याचे घड्याळजी आले, समोरच्या घरातली परिचारिका पातेलीभर भात घेऊन आली, वरच्या मजल्यावरच्या तीन विद्यार्थिनी आल्या, पहारेकरी आणि त्याची बायको आली. चादर जमिनीवर अंथरून सगळे ओळीने बसले. थोरलीने फोन त्या ओळीतच, घड्याळजींच्या शेजारी, पालथ्या वाटीला टेकवून ठेवला. पलीकडे सुनेने आत्यापुढे ताट ठेवले आणि स्वतःचे घेऊन तिच्याजवळ बसली. कामावर जायला निघालेला मुलगाही पायातले बूट काढून बसला.

मी चुलीवरून पाहत होते. माझे सगळे लक्ष त्या एका ताटाकडे होते. आत्याने एक घास घेतला. मग दुसरा घेतला. दुसऱ्यानंतर ती ताट सरकवते, हे मला फोनवरून ठाऊक होते. मी श्वास घेणारी असते तर तो रोखून धरला असता.

तेवढ्यात घड्याळजी तिसऱ्यांदा वाटी पुढे करत म्हणाले, "बाकी सगळं झकास आहे, मीठ जरा कमी वाटतं."

"मग कशाला तिसऱ्यांदा घेताय?" आत्या म्हणाली आणि बोलता बोलता तिचा तिसरा घास घशाखाली उतरला. मग चौथा. पुढे कोणीच मोजले नाही. काकांचा रस्सा काही शिजला नव्हता, ते पाव आणि लोणचे खात सगळ्यांना पोस्टातले किस्से सांगत होते. सून मान खाली घालून जेवत होती आणि मधूनच मनगटाने डोळे पुसत होती. आत्याने ताट चाटूनपुसून रिकामे केले.

हात धुऊन ती परत पडद्यासमोर आली. थोरली आणि धाकटा खरकटी ताटे गोळा करत होते.

"उद्या जेवायला कोण कोण आहे?" तिने विचारले.

उद्याचा विचार त्या दोघांनी केलाच नव्हता. धाकटा बहिणीकडे पाहू लागला. थोरली मात्र या वेळी कुठेही निघून गेली नाही. तिने हातातली ताटे खाली ठेवली आणि म्हणाली, "सगळे आहोत, आत्या."

मित्रांनो, तुम्हीही आम्हा जुन्या भांड्यांना जपा. आम्हाला ओले ठेवू नका, कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा, आणि अधूनमधून चुलीवर चढवा. एवढेच मागून मी गप्प बसणार होते. पण तुमच्या घरात कोणी ताट सरकवत असेल तर त्याला औषध द्या, पथ्य सांभाळा, आणि त्याबरोबर आपले ताट घेऊन त्याच्याशेजारी बसा. माणूस दूर असेल तर पडद्यावरून बसा. स्वयंपाक बिघडला तरी चालेल. आत्याला नळी लावावी लागली नाही, आणि आता मी रोज चुलीवर असते.