वायरवाला हेडफोन

मुर्रीच्या दुर्गेश्वरीला गेम खेळायला हेडफोन घ्यायचा होता. ती आईला, शामकलाबाईंना, घेऊन गोंदियातल्या दुकानात गेली.

"वायरलेस ले लो, झंझट नहीं," दुकानदार म्हणाला.

दुर्गेश्वरी घुटमळली. स्वस्त वायरलेसमध्ये आवाज उशिरा येतो आणि तोवर समोरचा मारून मोकळा होतो.

"वायर ओढता येते का?" शामकलाबाईंनी विचारलं. येते म्हटल्यावर त्यांनी वायरवालाच घ्यायला लावला. कानात काही घातलं की पोरीला हाका ऐकू जात नसत.

रविवारी स्पर्धेची अंतिम फेरी होती. भात निवत चालला, तशी शामकलाबाईंनी येऊन वायर ओढली. कॉम्प्युटरातून पिन निघाली आणि टीमचा आरडाओरडा खोलीभर घुमला, "दीदी, पीछे! पीछे!"

"मांगं पाय ना! समोर कायले पाहून राहिली?" शामकलाबाईही ओरडल्या.

दुर्गेश्वरीने वळून गोळी झाडली. टीम जिंकली.

"मेला का तो?"

"मेला."

"त्याच्या घरच्यांले मालूम झालं का?"

तो नागपूरचा पोरगा आहे आणि आपल्या घरी धडधाकट बसला आहे, असं दुर्गेश्वरीने सांगितलं. तेव्हा कुठे शामकलाबाईंना बरं वाटलं.