डाव्या सीटवरचं वजन

गाडीला नवीन स्प्रिंगा बसवल्या, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मालनचं दोन किलो वजन गाडीत राहिलं. ती दार उघडून उतरली, पदर सारखा केला आणि घरात गेली. डावी सीट मात्र कुणीतरी बसल्यासारखी दबलेलीच होती. हिंदुरावांनी तिच्यावर हात ठेवून पाहिला. सीट कोमट होती आणि वर यायला तयार नव्हती.

हिंदुराव पोवार एसटीत सव्वीस वर्षं ड्रायव्हर होते. घाटातून गाडी अशी काढायचे, की मागच्या बाकावरची म्हातारी झोपेतून हलायची नाही. असा माणूस घरच्या गाडीच्या बाबतीत फसला, आणि तोही प्रेमापोटी. त्यांच्या बायकोचे, मालनचे गुडघे आठ वर्षं दुखत होते. गाडी बुटकी. आत बसताना ती "आई गं" म्हणायची आणि उतरताना तेच जरा लांबवून म्हणायची. हे दुसरं "आई गं" हिंदुरावांना ऐकवेना. म्हणून त्यांनी मोठ्या जीपला लागतात तसल्या उंच स्प्रिंगा आणि शॉकअप पार्सलने मागवले. रविवारी अंगणात गाडी जॅकवर चढवली, सगळं आपल्या हाताने बसवलं, आणि मानेच्या शिरा फुगेपर्यंत एकेक बोल्ट आवळला. ड्रायव्हर माणसाला सैल बोल्टची भारी धास्ती.

गाडी चार बोटं उंच झाली. मालन खुर्चीवर बसावं तशी आत बसली.

"बघा, आई गं म्हटलं न्हाई," ती म्हणाली. त्रेसष्टाव्या वर्षी हिंदुराव कानापर्यंत लाजले.

पण गाडी वागेना. चाळिसाच्या पुढे गेली की झुलायची, आणि स्टिअरिंग सोडलं की डावीकडे पळायची. मालन दर फेरीला हलकी होऊन उतरत होती. दिसायला तशीच, गोल हातांची, भरल्या अंगाची. पिठाच्या गिरणीतल्या काट्यावर मात्र पहिल्या आठवड्याला अठ्ठावन्नाची चव्वेचाळीस भरली. गिरणीवाल्याने काटा दोनदा झटकला, पुन्हा चव्वेचाळीसच. "दळण कमी आणा मामी, उचलताना जाशीला," एवढंच तो म्हणाला.

हिंदुरावांनी तिला गाडीतून न्यायचं बंद केलं. त्याने काही फरक पडला नाही. गाडी अंगणात नुसती उभी असायची आणि रोज सकाळी डाव्या बाजूने आणखी खाली बसलेली असायची. काट्यावर एकतीस. मग एकोणीस.

मालन मात्र खुशीत होती. आठ वर्षांनी ती पाटावर मांडी घालून जेवली. माळ्यावर चढून लग्नातलं तांब्याचं घंगाळ काढलं आणि चिंचेने घासून लखलखीत केलं. शेवग्याच्या टोकाला, जिथे कावळासुद्धा विचार करून बसतो, तिथे ती उभी राहून शेंगा काढत होती. फांदी वाकत नव्हती. हिंदुराव खाली हात पसरून उभे.

"उतर गं. वारं सुटलंय."

"सुटू द्या की. काय दुखंना मला. तुम्ही शेंगा झेला."

त्यांनी शेंगा झेलल्या. दुसरं काय करणार?

त्या दिवसापासून ते तिचा पदर खिडकीच्या गजाला बांधायला लागले. ती हसायची, पण सोडायची नाही. बायको हसतमुखाने वर जाते आहे आणि आपणच तिला त्या वाटेला लावलं, हे त्यांना गिळवत नव्हतं.

गावाच्या वरच्या अंगाला दस्तगीर मिस्त्रीचं गॅरेज होतं. हिंदुराव तीनदा तिकडे निघाले. तिन्ही वेळा गाडी पहिल्या डाव्या गल्लीत शिरली, मग दुसऱ्या डाव्या, मग तिसऱ्या, आणि आपल्याच फाटकासमोर येऊन थांबली. मालन दारात उभी होती, एका हाताने चौकट धरून.

"आलासा व्हय परत?"

"मी न्हाई आलो. गाडी आली."

उपाय शेवटी तिनेच काढला. पाटा-वरवंटा आणि तांदळाचं पोतं ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर ठेवायला लावलं, म्हणजे उजवी बाजू जड होईल. आणि ती स्वतः पुढे बसली, पट्टा लावून, कारण त्या सकाळी गिरणीतल्या काट्याने चार किलो दाखवले होते आणि हिंदुरावांना तिला घरी एकटी सोडवत नव्हतं. एका फेरीने असं कितीसं जाणार होतं! गाडी तिरकी तिरकी का होईना, पण गॅरेजात पोचली. वाटेत हिंदुरावांचा डावा हात गिअरवर कमी आणि तिच्या मनगटावर जास्त होता.

दस्तगीरने गाडी खड्ड्यावर घेतली, खाली उतरला आणि हातोडीच्या दांड्याने इकडेतिकडे ठोकून पाहिलं. मग खड्ड्यातून नुसतं डोकं वर काढलं.

"मामा, बोल्ट कुणी आवळलं?"

"मी."

"गाडी जॅकवर असताना?"

"मग कशावर असताना आवळायचं?"

"पायावर उभी असताना. रोज बसत्यात ती माणसं आत बसवून. तुम्ही चाकं लोंबकळत असताना आवळलासा. आतल्या रबराला तसाच पीळ बसला. त्याला वाटतंय, गाडी अजून हवेतच हाय. म्हणून ते मामींचं वजन धरून ठेवतंय, खाली यायला."

सव्वीस वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. गाडी चालवणारा वेगळा आणि गाडीखाली जाणारा वेगळा.

"सोप्पं हाय," दस्तगीर म्हणाला. "ह्ये दगड न् पोतं काढा. मी बोल्ट सैल करतो, पीळ सुटंल, वजन सुटंल. त्या वक्ताला डाव्या सीटवर जे बसलं असंल त्याच्या अंगात ते जाणार. मग गाडी हलवून बसवायची न् परत आवळायचं."

"आणि गुडघे?" मालनने विचारलं.

"ते वजनासंगं येणार, मामी."

"कुणी बसलंच न्हाई तर?"

"तर चोपन्न किलो खड्ड्यात पडंल. माझ्या डोस्क्यात."

मालन गाडीच्या टपाला धरून उभी होती. पाय जमिनीला लागत होते, पण नुसते टेकल्यासारखे.

"मी न्हाई बसत," ती म्हणाली.

"मालन."

"आठ वर्षं मी उंबरा बघून घाबरायची. तुम्हाला काय माहीत? काल मी पाटावर बसले न् उठले. हात न टेकता उठले."

"उद्या काट्यावर काय न्हाई राहणार."

"न राहू दे."

"मग तू जाशील."

"पदर बांधा की गजाला."

हिंदुरावांनी टपावरचा तिचा हात धरला. दस्तगीरने सभ्यपणे डोकं खड्ड्यात घेतलं.

"मला पदर नको गं. मला तू पायजेस. जड पायजेस. गुडघ्यासकट पायजेस."

"गुडघे तुमचे असते तर असं बोलला नसतासा," मालन म्हणाली. रागाने नाही म्हणाली, पण म्हणाली.

हे खरं होतं. हिंदुरावांनी त्यावर विचार केला. मग ते गाडीला वळसा घालून आले, डावीकडचं दार उघडलं आणि तिच्या सीटवर जाऊन बसले. सुई टोचून घ्यायला बसावं तसे डोळे गच्च मिटले आणि दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

"दस्तगीर, माझ्या अंगात घाल."

"मग मामी चारच किलोच्या राहतील."

"मी धरून ठेवीन."

मालनने त्यांच्याकडे पाहिलं. कानात केस आलेला, डोळे मिटलेला, तिच्या गुडघ्यांची वाट बघत बसलेला हा माणूस. तिला हसू आलं, आणि हसता हसता दुसरंही काही आलं, ते तिने पदराने टिपलं.

"सरका," ती म्हणाली.

"मावायचं न्हाई."

"चार किलोला किती जागा लागती? सरका म्हणते न्हवं."

ती आत शिरली, अर्धी सीटवर, अर्धी त्यांच्या मांडीवर. दार कसंबसं लागलं. हिंदुरावांनी तिच्या कमरेभोवती दोन्ही हात घालून बोटांत बोटं अडकवली.

"अर्धं अर्धं कर रं दस्तगीर," तिने खाली सांगितलं.

"वाटणी माझ्या हातात न्हाई, मामी. हँडब्रेक सोडा, गिअर काढा. गाडी मोकळी पायजे."

हिंदुरावांनी एक हात लांबवून तेवढं केलं आणि पुन्हा बोटं अडकवली. खालून पाना फिरल्याचा आवाज आला. पहिला बोल्ट सुटला तशी गाडी उसासा टाकून वर आली, आणि हिंदुरावांच्या डाव्या गुडघ्यात काहीतरी आत जाऊन बसलं. मग उजव्या. गुडघ्याच्या वाटीखाली कुणी खडा सारावा आणि त्यावर उभं राहायला सांगावं, तसं.

"हे रोज?" त्यांनी विचारलं.

"चढताना. उतरताना जास्त."

"बोलली न्हाईस कधी."

"आई गं म्हणत होते की."

दुसरा बोल्ट सुटला. आता मालन जड होत होती. आधी उशीएवढी, मग बाजारच्या भरल्या पिशवीएवढी, मग झोपलेल्या लेकराएवढी. हिंदुरावांची मांडी दबली, पायाला मुंग्या आल्या, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनी कपाळ तिच्या पाठीला टेकवलं. तिच्या पाठीला चिंचेचा आणि घामाचा वास होता. खाली दस्तगीर गाडी खालीवर हलवत होता, आवळत होता, पुन्हा हलवत होता.

"झालं," खड्ड्यातून आवाज आला. "आता डावीकडं जाणार न्हाई. सरळ चालंल."

आणि गाडी चालू लागली.

ती खड्ड्यावरून हळूच पुढे सरकली, गॅरेजच्या दारातून बाहेर पडली आणि नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागली. ड्रायव्हरची जागा रिकामी होती. स्टिअरिंग तसूभरही थरथरत नव्हतं. खड्डा आला, गाडीने तो गिळला. गतिरोधक आला, आत काहीच हललं नाही. इतकी सरळ गाडी हिंदुरावांनी सव्वीस वर्षांत चालवली नव्हती.

"किती सरळ चाललीया वं," मालन म्हणाली.

"होय."

"गुडघा दुखतोय."

"माझाबी."

मागे दस्तगीर खड्ड्यातून वर येऊन काहीतरी ओरडत होता. उतार वाढला. खाली नदी दिसू लागली, आणि तिच्या अलीकडे रस्ता उजवीकडे वळत होता. स्टिअरिंग हाताच्या अंतरावर होतं. ते धरायचं तर अडकवलेली बोटं सोडवून एक हात मोकळा करावा लागणार होता. हिंदुरावांनी बोटांकडे पाहिलं. मालन पूर्ण जड झाली होती, आणि त्यांनी तिला आणखी घट्ट धरलं.