पाठवणीचे तीन सूर

"यातली रीड काढून घे," कारभारी म्हणाला. क्लॅरोनेट त्यानं राजानंदच्या पुढ्यात आपटली नाही, एवढंच. "डमीच व्हायचं तर बराबर व्हऊ दे. रीड कशाला पाह्यजे?"

राजानंदच्या तोंडचं पाणी पळालं. घनसावंगीतल्या त्याच्या अंगणात सकाळपासून दोघांची तालीम चालली होती आणि आता कुठं त्याला वाटत होतं की आपण मोठी नामी युक्ती काढली.

बँडच्या धंद्यात डमी कुणाला ठाऊक नाही? सुपारी वीस जणांची घ्यायची आणि वाजवणारे असायचे बारा. मग ज्याच्या अंगाला बँडचा डगला नीट बसतो अशी गावातली माणसं रांगेत उभी करायची. हातात वाद्य खरं, पण त्यात रीड, म्हणजे सूर काढणारी पट्टी, नाही, म्हणजे चुकूनसुद्धा आवाज निघायला नको. गडी फक्त गाल फुगवतो आणि जेवून घरी जातो. लग्नघरही खूश, बँडवालेही खूश. आणि राजानंदनं हेच आपल्या उभ्या आयुष्याच्या जोडीदाराला, तेही मोठ्या मायेनं, सुचवलं होतं!

"तू नुस्तं तोंडाला लाव," तो म्हणाला होता. "तुही चाल मी सॅक्सोफोनवर धरतो. कुनाच्या बापाला कळनार न्हाई."

"मला कळंल," कारभारी आता उठून उभा राहिला. त्याचं तोंड डावीकडं ओघळलेलं होतं, त्यामुळं राग आला तरी तो अर्ध्याच चेहऱ्यावर दिसायचा. "आन् वंदनीला कळंल. माह्या मांडीवर बसून ऐकत मोठी झालीय ती. तिच्या पाठवनीला तिचा बाप डमी?"

एवढं बोलून गडी तडक स्टँडकडं चालू पडला आणि आपल्या गावच्या, कुंभार पिंपळगावच्या जीपमध्ये जाऊन बसला. चहासुद्धा घेतला नाही.

कारभारी म्हणजे बागायतदार घरातला माणूस. ऊस, कापूस, दारात बैलजोडी, सगळं होतं. पण मिसरूड फुटायच्या वयात कुठल्याशा लग्नात त्यानं क्लॅरोनेट ऐकली आणि पोरगा वाया गेला. हे त्याच्या थोरल्या भावाचं, अण्णासाहेबांचं म्हणणं हं, आपलं नाही! घरचा पोरगा बँडात उभा राहतो, तोही कुणाकुणाच्या खांद्याला खांदा लावून, म्हणजे भावकीत नाक कापल्यासारखंच. अण्णासाहेबांनी त्याचा बाजा एकदाही ऐकला नाही. लग्नात तो वाजवत असला की ते मुद्दाम जेवणाच्या पंगतीकडं जायचे.

बाकी सगळा तालुका मात्र ऐकायचा. वरात राजानंदच्या सॅक्सोफोनची आणि पाठवणी कारभारीच्या क्लॅरोनेटची, अशी वाटणीच होती दोघांची. नवरी गाडीकडं निघाली की बाकीचा बँड गप्प व्हायचा आणि कारभारी एकटा सुरू करायचा. आयाबाया तर रडायच्याच, पण हुंड्यावरून सकाळी भांडलेले व्याहीसुद्धा एकमेकांच्या गळ्यात पडायचे. कितीतरी घरच्या लेकी कारभारीनं अशा पाठवल्या. दर वेळी क्लॅरोनेट पुसता पुसता तो राजानंदला म्हणायचा, "आपल्या वंदनीच्या टायमाला बघ. तसं आजवर वाजवलं नसंल."

आणि गेल्या दिवाळीत, सकाळी चूळ भरताना पाणी एका बाजूनं ओघळलं. लकवा. हातपाय वाचले, तोंड गेलं. शेतकऱ्याचं तोंड वाकडं झालं तर नांगर अडत नाही. नवऱ्याचं झालं तर कुणी बायको मनातून खूशही होईल, भांडण तरी अर्धं होईल. पण फुंकणाऱ्या माणसाचं तोंड गेलं तर त्याच्याकडं उरतं काय? महिनोन्‌महिने गाल चोळून, फुगे फुगवून कारभारीचे कसेबसे तीन सूर निघायला लागले. तेही सरळ नाहीत आणि दर वेळी येतीलच असंही नाही. वंदनाचं लग्न मात्र येत्या रविवारी ठरलेलं होतं.

दुपारी भावनाचा फोन आला. राजानंदची ही थोरली पुण्यात एका दवाखान्यात नर्स होती, आणि बापाचा कान तिच्यात पुरेपूर उतरला होता.

"जय भीम पप्पा. मी पाठवलेलं ऐकलं का?"

"न्हाई ऐकलं. हितं माहं डोकं ठिकाणावर न्हाई."

"मंग तर ऐकाच. तुमचाच बाजा हाय, सॅक्सोफोन. लंडनची बाई वाजवती. तिच्यासंगं ट्रम्पेटवर अमेरिकेचा म्हातारा हाय, शिकागोचा. दोघांनी मिळून रेकॉर्ड काढलीय. जॅझची."

"येकच भाषा बोलनारे लोकं ते. येकत्र वाजवलं तर त्यात नवल काय?"

"भाषा येक असली म्हणून काय झालं पप्पा? जालन्याचा आन् नगरचा बँड तरी येका ठेक्यावर चालतो का? तिचे आजी-आजोबा कुठल्याशा बेटावरून लंडनला आल्ते, ती नाचायच्या ठेक्यावर वाढली. तो वाढला चर्चच्या गान्यात. हल्ली लंडनचे पोरं तिकडं जाऊन वाजवतेत, तिकडचे हिकडं येतेत, लै चाललंय हे. पन ही त्याच्याकडं गेली तवा त्यानं वाजवनं सोडलं व्हतं. दात गेल्ते. तो म्हनला, माह्याच्यानं आता दोन-चारच सूर निघतेत. ती म्हनली, पुरेत."

"काय म्हनली?"

"पुरेत म्हनली. त्याच्या खालीच लिव्हलंय सगळं. ऐका आन् मंग मला फोन करा."

राजानंद गच्चीवर गेला, कारण खाली रेंज नव्हती. फोनवर एक लहानसा मंच उजळला. एक पोरगा ड्रमवर काठ्यांऐवजी कुंचल्यासारखं काहीतरी फिरवत होता. दुसरा माणसाएवढं थोरलं तंतुवाद्य मिठीत घेऊन उभा होता. मधे ती, काळी, तरतरीत, गळ्यात सॅक्सोफोन. आणि खुर्चीवर तो म्हातारा.

तिनं सुरुवात केली आणि राजानंद सरळ बसला. बापरे! काय फुंक होती, काय बोटं होती! वाटलं असतं तर या बाईनं पाच मिनिटांत त्या मंचावर दुसऱ्या कुणाचं नाव राहू दिलं नसतं. मग म्हाताऱ्यानं ट्रम्पेट उचलला. एक सूर. जरा फाटका. दुसरा. आणि मग काहीच नाही.

"गेली रेंज!" राजानंद वैतागला. त्यानं फोनवर चापटी मारली, टॉवरवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. पुन्हा तिथंच बंद. तिसऱ्यांदा त्यानं नीट डोळे लावून बघितलं, तर चित्र थांबलेलं नव्हतंच. म्हाताऱ्याची छाती खालीवर होत होती. ड्रमवाल्याचा हात हवेत होता. आणि त्या बाईनं सॅक्सोफोन तोंडात धरला होता, बोटं चाव्यांवर होती, नजर म्हाताऱ्यावर होती, आणि ती वाजवत नव्हती.

राजानंदला कळेना. त्याचा जन्म वरातीत गेला. वरातीत बँड श्वासभर थांबला तर लोक ओरडतात, पैसे मोजलेत म्हणून. एकाचा दम सुटला की दुसऱ्यानं लगेच भरायचं, हा बँडचा धर्म. आणि ही? हिचे हात शिवशिवत नसतील? भरून टाकणं हिला काय अवघड होतं?

म्हाताऱ्यानं पुन्हा ट्रम्पेट लावला आणि तिसरा सूर काढला. तेव्हा ती आत आली, अगदी हळू, बरोबर त्याच सुरावर. तिथून थोडं पुढं नेलं आणि परत त्याच्याच हाती आणून दिलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. समोर शेकडो माणसं बसली होती, पण एक खोकलं नाही.

"काय बाई हाय!" राजानंद एकटाच मोठ्यानं म्हणाला. "काय बाई हाय ही! आन् काय बुवा हाय!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला आपल्या सकाळच्या युक्तीची फार लाज वाटली. जोडीदाराला वाचवायला म्हणून आपण त्याच्या तोंडातला उरलेला घासही काढून घ्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या जीपनं तो कुंभार पिंपळगावला गेला. लग्नघर असल्यानं ओसरीवर पत्रावळींचे गठ्ठे, पाहुण्यांच्या पिशव्या. कारभारीनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. राजानंदनं फोन त्याच्या हातात दिला. कारभारीनं एकदा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. कारभारीची बायको दुर्गाबाई चहाचे कप घेऊन आली आणि तशीच उभी राहिली.

"म्हाताऱ्याला दात न्हाईत," कारभारी शेवटी म्हणाला.

"न्हाईत."

"तरी ती त्याच्यासाठी थांबून राह्यली."

"हाव."

कारभारीनं फोन खाली ठेवला. "तू थांबशील? मला सूर न्हाई आला तर? लोकं तुह्याकडं बघतील, म्हनतील, मास्तर, वाजवा की."

"थांबन."

"बिलकुल न्हाई भरायचं. मी मेलो तरी न्हाई भरायचं."

"तू मेला तर भरीन," राजानंद म्हणाला, आणि कारभारीचं अर्धं तोंड हसलं.

नेमके तेव्हाच अण्णासाहेब आले. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. "कारभारी, नवरीचा बाप हात जोडून मांडवाच्या दारात उभा राह्यतो, बँडात न्हाई. सोयरे काय म्हनतील? आन् ते फुसफुस वाजलं तर? हसतील लोकं."

"हसू द्या अण्णा," कारभारी म्हणाला. "जल्मभर तुमचं ऐकलं... खोटं कामून बोलू, जल्मभर न्हाई ऐकलं. आता शेवटी ऐकून काय करू?"

अण्णासाहेब तणतणत निघून गेले.

रविवारी लग्न लागलं. पंगती उठल्या. उन्हं कलली तशी सजवलेली गाडी मांडवासमोर आली आणि तिच्या मागं नवरदेवाकडच्या पोरांनी आणलेली डीजेची गाडीही येऊन उभी राहिली. वंदना आईच्या गळ्यात पडली, चुलतीच्या पडली, मग बापाला शोधायला लागली. बाप मांडवाच्या दारात नव्हता. तो रांगेत उभा होता, राजानंदच्या शेजारी, लग्नाच्याच धोतर-सदऱ्यात, डोक्यावर फेटा आणि हातात क्लॅरोनेट.

भावकीत कुजबुज झाली. कारभारीनं क्लॅरोनेट तोंडाला लावली.

पहिला सूर आला. वाकडा होता, पण त्याचाच होता. वंदनानं पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. राजानंदनं तो सूर अलगद उचलला, चालीत एकदा फिरवला आणि परत दिला. दुसरा सूर आला. आता बाया पदर डोळ्यांना लावायला लागल्या.

तिसरा आला नाही. ओठाच्या कडेनं नुसती हवा गेली.

कारभारीनं पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. मागं कुणीतरी पोर खुदकन हसलं. ढोलवाल्यानं सवयीनं टिपरी उचलली, राजानंदनं डोळ्यांनीच त्याला दाबलं. सगळा मांडव राजानंदकडं बघत होता. चाल त्याच्या बोटांत तयार होती, एका फुंकेचं काम होतं. जोडीदाराची फजिती उघड्या डोळ्यांनी बघत हातात वाद्य धरून गप्प राहणं किती कठीण असतं, ते त्या क्षणी त्याला कळलं. त्या लंडनच्या बाईच्या धीराला त्यानं मनोमन सलाम केला. आणि थांबला.

डीजेवाल्याला वाटलं, बँडचं आटोपलं. त्यानं खटका दाबला आणि धाडकन गाणं सुरू झालं. लोक हलायला लागले. तेवढ्यात अण्णासाहेब गर्दीतून निघाले, डीजेच्या गाडीपाशी गेले आणि त्यांनी वायर हिसकून काढली.

"आमचा मानूस वाजवून राह्यला," ते त्या पोरावर ओरडले. "दिसत न्हाई का तुला?"

लोक पुन्हा जागीच थांबले. दुर्गाबाई बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली. सोयऱ्यांसमोर आजवर कधी नवऱ्याच्या शेजारी उभी न राहिलेली ती बाई सरळ बँडच्या रांगेत शिरली आणि तिनं पदरानं कारभारीच्या ओठाची कड पुसली. मग त्याच्या डाव्या गालाला खालून तळहात लावला आणि गाल वर उचलून धरला.

"वाजवा," ती म्हणाली. "पोरगी थांबली हाय."

तिसरा सूर आला. राजानंद त्याच सुरावर हळूच आत आला.

वंदना रडत रडत गाडीत बसली, गाडी वेशीकडं निघाली, मागं धूळ उडाली. पाहुणे पांगायला लागले. कारभारी वाजवतच होता, आणि दुर्गाबाई त्याच्या गालाला हात लावून डगलेवाल्यांच्या रांगेत उभी होती.