सान्वीचे वडील ऑफिसात जातात

ठाकुर्लीत सुमतीबाईंच्या इंग्रजीच्या क्लासला वीस वर्षं झाली आणि वीस वर्षं ‘माय फादर’ हा निबंध तोच. वडील ऑफिसात जातात, गाडीने जातात, रविवारी बागेत नेतात. पोरं बदलली, वडील काही बदलले नाहीत! बाई तो निबंध भाजी निवडता निवडता सांगत. नवीन काही सुचवायचं त्राणच उरलं नव्हतं.

सहावीतल्या सान्वीने मात्र वहीत स्वतःचंच लिहून आणलं. तिचे वडील महिपत खोपटच्या डेपोत एसट्या धुतात, घरी येतात तेव्हा पाण्याने बोटं पांढरी पडलेली असतात, मग दोघं मिळून चहात पाव बुडवून खातात. ओळीओळीला चुका.

“अगं बाई, हे काय?” सुमतीबाईंनी कपाळावर हात मारला. “तोंडी परीक्षा परवावर आलीय. एवढं दुरुस्त करत कोण बसणार?”

“पण टीचर, माझे पप्पा असेच आहेत.”

“असू देत गं. मार्क हवेत ना? मग मी सांगते ते पाठ कर.” आणि बाईंनी पानभर काट मारली. पोरगी रडवेली झाली. बाईंना दिसलं नाही असं नाही. पण अजून अकरा वह्या बाकी होत्या.

सान्वीला दहापैकी दहा मिळाले. महिपत इस्त्रीचा शर्ट घालून, पेढे घेऊन लेकीसोबत क्लासवर आला. “माझ्यावर बोलली म्हणे इंग्लिशमध्ये! मला कुठलं कळायला. मराठीत सांगा की बाई, काय बोलली?”

सुमतीबाईंनी टाळून पाहिलं. तो हटेना. शेवटी सांगावंच लागलं: ऑफिस, गाडी, बाग.

महिपत आधी खो खो हसला. “गाडी? घ्या! लोकांच्या गाड्या धुण्यात जन्म गेला माझा...” मग हसू विरलं. तो लेकीकडे वळला. “सान्वी, तुला लाज वाटते का गं माझी?”

पोरीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिने नुसतं बाईंकडे पाहिलं.

बाई गप्प राहिल्या असत्या तरी खपून गेलं असतं. पोरगी काही चुगली करणारी नव्हती. पण ती नजर त्यांना सोसवेना.

“तिला नाही हो,” त्या म्हणाल्या. “तिने तुमचंच लिहिलेलं, खरं खरं. काट मी मारली. मला कंटाळा आला होता.”