चोराच्या भाषेतलं पत्र

सूनबाई वीज कंपनीत ग्राहकांना ईमेल लिहायची. नोकरी अजून कच्ची होती. पक्की करायची की नारळ द्यायचा, ते साहेब याच महिन्यात ठरवणार होते.

"जरा भीती घाला हो!" साहेब म्हणाले. म्हणून तिने लिहिलं, 'शेवटची संधी! आजच खालचं बटण दाबून मोबाईल नंबर नोंदवा, नाहीतर वीज बंद!' लिहिताना तिची तिलाच लाज वाटली, पण पोटापुढे कुणाचं काय चालतं?

संध्याकाळी घरी आली, तर सासूबाई दारातच उभ्या, वाघ मारल्यासारख्या. "आज एक चोर पकडला! 'वीज बंद' म्हणून ईमेल आला होता मला. तूच शिकवलंस ना, घाई करतो, दम देतो आणि बटण दाबा म्हणतो तो भामटा? बागेत फिरायला येणाऱ्या समस्त बायकांना सांगून टाकलं."

सूनबाई म्हणाली, "आई, तो भामटा मीच हो!"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, घरी कशी छान बोलतेस. तिकडे चोरासारखं कशाला लिहितेस? उद्या खरा चोर आला, तर आम्ही ओळखायचा कसा?"

दुसऱ्या दिवशी साहेबांशी भांडून सूनबाईने नवं पत्र धाडलं. 'घाई नाही. यात बटणही नाही. सवडीने बिलावरच्या नंबरवर फोन करून मोबाईल नंबर नोंदवा.'

"असल्या मिळमिळीत पत्राला कुत्रं विचारणार नाही," साहेब म्हणाले. "आपटलं, तर घरी बसा."

आधी सगळी सामसूम. मग एका सकाळी फोन खणखणायला लागले ते थांबेचनात. बायका कडाडत होत्या, "तुमच्या नावाने कुणी भामटा पत्रं पाठवतोय!" फोनवरच्या मुली त्यांची समजूत घालत होत्या आणि लगेहात नंबरही नोंदवून घेत होत्या. साहेबांनी फक्त आकडे पाहिले आणि नोकरी पक्की केली.

सूनबाई घरी आली ती तणतणतच. "आई, पुन्हा मला चोर ठरवलंत?"

"मग काय करू? 'सवडीने फोन करा' म्हटल्यावर बागेतली एक तरी हलली असती का? चोर म्हटल्याबरोबर सगळ्या पदर खोचून उठल्या. मीच म्हटलं, बिलावरच्या नंबरवर फोन करा आणि झाडा कंपनीला."

सूनबाईला हसावं की रडावं तेच कळेना. तिने सासूबाईंना मिठीच मारली.

"पुरे गं. माझा नंबर तेवढा उद्या तू जाऊन नोंदव."

"अहो, तुम्हीही फोन केलात ना?"

"केला की. पण नंबर नाही दिला. ती फोनवरची बाई खरी कशावरून?"